लवकर वाढणारं

पाषाण रस्त्याच्या कडेला, ड्रेनेजच्या झाकणाला लागून
माझी नर्सरी. हिरव्या जाळीखाली अडीच गुंठे.
गाडी थांबते, काच निम्मी खाली येते,
आणि आतून तोच प्रश्न:
लवकर वाढणारं काय आहे?

सरपोतदार मात्र गाडीतून उतरले.
सुतारवाडीमागची टेकडी कापून बांधलेली सोसायटी,
तिचे ते सेक्रेटरी. चपलेला मुरूम लागलेला.
म्हणाले, दोन पावसाळे झाले, टेकडी उतरतेय
पार्किंगमध्ये.
वरून हायवेची धूळ. पोरं झोपेत खोकतात,
पाचव्या मजल्यावरची एक तर पंप उशाशी घेऊन झोपते.
चौकातल्या पाटीवर हवेचा आकडा तांबडा असतो,
सिग्नल सुटेपर्यंत आम्ही तो वाचतो.
काहीतरी लवकर वाढणारं द्या.

जाऊन पाहिलं.
पावाच्या लादीसारखा सरळ काप,
बोट लावलं की भुगा.
अशा जागी वड मागायचा
म्हणजे पायरी नसताना माडी मागायची.

मला बेडगचा पानमळा आठवला.
वेल लावायच्या आधी बाबा शेवरी पेरायचे.
म्हणायचे, शेवरी राहायला येत नाही,
घर झाडून ठेवायला येते.
वेल वर चढली की ती थकते,
तेव्हा तिला नावं ठेवू नयेत.

तीनशे शेवऱ्या.
पांगाऱ्याच्या मनगटाएवढ्या फांद्या, नुसत्या खोचायच्या.
उताराला आडव्या ओळींत वाळ्याची ठोंबं.
यमाजी ढेबे पहार मारायचा, मुरमातून ठिणगी उडायची,
तो म्हणायचा, बाई, टेकडीला टाके घालतोय आपण,
भूल न देता.

दिवाळीपर्यंत शेवरी कुंपणाच्या वर.
सोसायटीने फोटो काढले, मला पेढे.
मी पांगाऱ्याच्या पानावर बोट ओढलं. काळं.
मोजलं कुणी नाही,
पण बोटावरची ही एवढी धूळ
पाचव्या मजल्यापर्यंत गेली नव्हती.

चौथ्या वर्षी रात्री साडेनऊला फोन.
मॅडम, झाडं मेली. निम्मी तरी.
गॅरंटी होती ना?

गेले. शेवरी वाळून उभी होती,
हात लावला की काडकन मोडायची.
सरपोतदार हाताची घडी घालून.
मी उकिडवी बसले, पाचोळा बाजूला केला.
खाली चार बोटं माती.
मुरूम नव्हे, माती. काळसर, ओलसर,
आणि उजेडाला वैतागलेलं एक गांडूळ.
सरपोतदारांनी चष्मा कपाळावर चढवला.

गांडुळाच्या पलीकडे वीतभर रोप.
हे तुम्ही लावलंत?
नाही. वावळ आहे. त्याची पापडी वाऱ्यावर येते.
इतकी वर्षं येतच होती,
कापावरून घसरून पार्किंगमध्ये पडायची,
वॉचमन झाडून टाकायचा.

धूळ आणते तोच वारा, हे मी बोलले नाही.
त्यांना कळलं असेल, किंवा नसेल.
त्यांनी विचारलं, हे लवकर वाढतं?
म्हटलं, याला आता घाई नाही.
ते काही बोलले नाहीत.
उजवा पाय मात्र जपून मागे घेतला,
जसा झोपलेल्या मुलाच्या अंथरुणावरून घेतात.

उरलेले साडेचार हजार अजून यायचे आहेत.
निम्म्या शेवऱ्या जागीच आडव्या टाकल्या, कुजायला.
निम्म्या यमाजीने चुलीसाठी नेल्या.
परवा भेटला, म्हणाला,
चांगलं लाकूड, बाई.
पेटतंपण लवकर.